'बरा होता' : चित्रपटाविषयीचा सहज अभिप्राय आणि त्याची मोजणी

चित्रपटगृहातून बाहेर पडताना प्रेक्षक जे पहिले वाक्य उच्चारतो, त्याची दखल आपल्या समीक्षाव्यवहाराने सहसा घेतलेली नाही. 'बरा होता', 'उगाच लांबवलाय', 'एकदा पाहायला हरकत नाही', 'पैसे फुकट गेले' ह्या प्रकारच्या वाक्यांमागे युक्तिवाद नसतो, निकष सांगितलेले नसतात, आणि पुरावा मागितला तर बोलणारा बहुधा चिडतो. समीक्षेने आपली ओळख अशा वाक्यांपासून फारकत घेऊनच घडवली आहे. 'मला आवडले' हे समीक्षेचे वाक्य नव्हे, असे आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतो. प्रस्तुत लेखिकेनेही ते अनेक वर्षे सांगितले आहे, आणि त्यात काही चूक आहे असे तिला वाटत नाही. मात्र जे वाक्य समीक्षेचे नाही ते कशाचे आहे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

सहज अभिप्रायाच्या शेजारीच आज त्याचे एक संक्षिप्त रूप उभे आहे. ते म्हणजे तारा. पाचपैकी तीन तारे, दहापैकी सात पूर्णांक चार, शेकडा नव्वद. सामान्यतः असे मानले जाते की तारा हा अभिप्रायाचाच आटवलेला अर्क आहे; वाक्यात जे पसरलेले असते ते ताऱ्यात गोळा होते. ह्या दोहोंचा इतिहास पाहता तसे म्हणता येत नाही. सहज अभिप्राय ही एका प्रसंगाची नोंद असते: कोणी, कोणाबरोबर, कधी, किती पैसे देऊन, कोणत्या मनःस्थितीत चित्रपट पाहिला ह्याची. तारा त्या नोंदीतला प्रसंग काढून टाकतो आणि उरलेले विशेषण चित्रपट नावाच्या वस्तूला चिकटवतो. ह्या काढून टाकण्यात काय गमावले गेले, ते येथे पाहायचे आहे.

ह्या विषयाकडे लक्ष वळण्याचे निमित्त घरगुती आहे. आजोळच्या माळ्यावर आजोबांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. ते वाईला माध्यमिक शाळेत शिक्षक होते. दूध, रॉकेल, वाण्याची उधारी ह्यांच्यामध्ये मधूनमधून 'सिनेमा' अशी नोंद येते. चित्रपटाचे नाव, तिकिटे किती, रक्कम, आणि त्यापुढे एक-दोन शब्द. 1951 पासून 1964 पर्यंतच्या वह्यांत अशा साठ-एक नोंदी आहेत. रक्कम आधी रुपये-आणे-पै अशी, 1957 च्या एप्रिलनंतर नव्या पैशांत. पुढचे शब्द असे: 'बरा'. 'बरा, पण लांब'. 'गाणी चांगली'. 'हिला आवडला'. 'मध्यंतरानंतर दिवे गेले'. 'तंबूत फार धूर'. एका ठिकाणी नुसते 'फुकट', आणि ते तिकिटाविषयी आहे की चित्रपटाविषयी, हे समोरची रक्कम पाहिल्याशिवाय कळत नाही. रक्कम लिहिलेली आहे, म्हणजे चित्रपटाविषयीच.

ह्या नोंदी चित्रपटांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. दिग्दर्शकाचे नाव एकदाही नाही. पण चित्रपट पाहण्याविषयी त्या इतके सांगतात की मराठी चित्रपटाच्या इतिहासावरील अनेक ग्रंथांना ते जमलेले नाही. 'दिवे गेले' हा चित्रपटाचा दोष नव्हे. परंतु त्या प्रेक्षकाने त्या रात्री जो चित्रपट पाहिला तो अर्धाच होता. 'हिला आवडला' ह्या दोन शब्दांत तर एक अख्खे कुटुंब उभे राहते. स्वतःला आवडला की नाही हे आजोबा लिहीत नाहीत. पैसे वाया गेले नाहीत, एवढे मात्र त्यांना नोंदवायचे असते, आणि हिशेबाच्या वहीत ते योग्यच आहे.

'बरा' हा शब्द क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. जुन्या मराठीत त्याच्याच कुळातला 'बरवा' सुंदर, उत्तम ह्या अर्थी येतो. संतवाङ्मयाच्या वाचकाला तो परिचित आहे. आजचा 'बरा' मात्र मध्यावर येऊन थांबला आहे. आजाऱ्याला 'बरे आहे' म्हणतो तेव्हा संकट टळलेले असते, सुख आलेले असतेच असे नाही. चित्रपट 'बरा' असतो तेव्हाही काहीसे असेच घडते. शिवाय स्वर बदलला की अर्थ बदलतो: 'बरा होता' आणि 'बरा होता की!' ह्यांत दोन ताऱ्यांचे अंतर आहे. छापील ताऱ्याला स्वर नसतो.

येथे मराठीच्या वाक्यरचनेचा एक विशेष नोंदवला पाहिजे. 'मला चित्रपट आवडला' ह्या वाक्यात क्रियापद चित्रपटाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. चित्रपट आवडला, गोष्ट आवडली, गाणे आवडले. प्रेक्षक 'मला' ह्या रूपात, काहीसा बाजूला, अनुभव घेणारा म्हणून उभा असतो. आवडणे ही त्याने केलेली क्रिया नसते. ती त्याच्या बाबतीत घडते. आता कांटचे 1790 मधले सुप्रसिद्ध विवेचन आठवावे. सुखद आणि सुंदर ह्यांतला भेद सांगताना तो मद्याचे उदाहरण घेतो: अमुक मद्य सुखद आहे असे कोणी म्हणाला आणि दुसऱ्याने त्याला 'तुला सुखद आहे असे म्हण' अशी दुरुस्ती सुचवली, तर पहिल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. सुंदर म्हणताना मात्र आपण सर्वांच्या संमतीची मागणी करतो. रा. भा. पाटणकरांच्या लेखनामुळे हा भेद मराठी सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे. गंमत अशी की कांटच्या मद्यपानकर्त्याला जी दुरुस्ती सुचवावी लागते, ती मराठी व्याकरण आधीच करून ठेवते. 'मला आवडला' म्हणणारा सर्वांच्या संमतीची मागणी करतच नाही. म्हणून त्याला 'तुझे निकष काय' असे विचारणे हे त्याने न केलेल्या दाव्याचा पुरावा मागण्यासारखे आहे.

'एकदा पाहायला हरकत नाही' हे वाक्य आणखी वेगळे. त्यात आवडल्याचाही उल्लेख नाही. ते ऐकणाऱ्याच्या पुढच्या कृतीविषयी आहे: जावे की न जावे. ताऱ्याच्या इतिहासाचा धागा नेमका येथे मिळतो.

ताऱ्याचा जन्म समीक्षेत झालेला नाही, प्रवासात झाला आहे. मारियाना स्टार्क ह्या इंग्रज लेखिकेने 1820 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या युरोपच्या प्रवासमार्गदर्शिकेत चित्रे व शिल्पे ह्यांच्यापुढे उद्गारचिन्हे घातली. जितकी कलाकृती मोठी तितकी चिन्हे अधिक. उद्गारचिन्ह ही निवड मोठी बोलकी आहे. ते चिन्ह वस्तूचे नसून पाहणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या आवाजाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडेकरच्या मार्गदर्शिकांनी तेथे तारा आणला, आणि आवाज गेला. पुढे मिशेलिनने 1926 मध्ये उपाहारगृहांना तारे देण्यास आरंभ केला व दहाएक वर्षांनी त्यांचे अर्थ जाहीर केले. त्यात दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगे आणि तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठी प्रवास करण्याजोगे. गुणवत्ता येथे अंतराने मोजलेली आहे. किती दूर जावे, हा प्रश्न आहे.

चित्रपटाला पहिला तारा मिळाला तो न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' ह्या दैनिकात, 31 जुलै 1928 रोजी. आयरीन थायरर ह्या समीक्षिकेने 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' ह्या चित्रपटाला एक तारा दिला. तीन तारे उत्कृष्ट, दोन चांगला, एक सामान्य, आणि तारा नाही म्हणजे वाईट, अशी तिची श्रेणी होती. पहिलाच तारा एकटा मिळावा हे त्या चित्रपटाचे दुर्दैव. आज त्याचे नाव बहुधा ह्याच कारणासाठी निघते. येथे घडलेला बदल सूक्ष्म आहे पण निर्णायक आहे. 'किती दूर जावे' ह्या प्रश्नाचे उत्तर देणारे चिन्ह आता 'कसा आहे' ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागले. क्रियापदाची जागा विशेषणाने घेतली.

फ्रान्समध्ये मात्र क्रियापद पुन्हा परतलेले दिसते. 'काइए द्यू सिनेमा' ह्या नियतकालिकाने 1955 मध्ये 'दहांची परिषद' नावाचा एक तक्ता छापायला सुरुवात केली. उभ्या रकान्यांत दहा समीक्षकांची नावे, आडव्या ओळींत त्या महिन्याचे चित्रपट, आणि प्रत्येक चौकोनात तारे किंवा एक काळा ठिपका. ठिपक्याचा अर्थ जाण्याची तसदी घेऊ नये. एक तारा म्हणजे फारच झाले तर पाहावा. दोन म्हणजे पाहावा. तीन म्हणजे पाहिलाच पाहिजे. आणि चार तारे मात्र अत्युत्कृष्ट कृतीला. पहिल्या चारही पायऱ्या पाहण्याच्या क्रियेविषयी आहेत. 'फारच झाले तर पाहावा' आणि आपले 'एकदा पाहायला हरकत नाही' ही एकाच घराण्यातील वाक्ये आहेत. दुसरी गोष्ट अशी की ह्या तक्त्यात प्रत्येकाचे मत त्याच्या नावाखाली वेगळे राहते. एकाच चित्रपटासमोर एकाचे चार तारे आणि दुसऱ्याचा काळा ठिपका शेजारी शेजारी दिसतात. वाचकाला चित्रपटाविषयी जितके कळते तितकेच त्या दहा जणांविषयी कळते. काही महिन्यांत तो आपला माणूस निवडतो, त्याच्या रकान्यावर विसंबतो.

दहा परीक्षकांची ही योजना संस्कृत नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी, पण वाटत नाही, कारण आपण भरताचा सहावा अध्याय शिकवतो आणि सत्ताविसावा बहुधा शिकवत नाही. रसचर्चा पहिल्यात आहे. प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कसे ओळखावे, ही चर्चा दुसऱ्यात आहे. अभिनवगुप्ताच्या सहृदयाने आपल्या काव्यशास्त्रात एवढी जागा व्यापली की त्याच्या शेजारी बसलेले इतर प्रेक्षक आपल्याला दिसेनासे झाले. भरताला मात्र ते दिसतात, आणि ऐकूही येतात.

सिद्धीचे म्हणजे यशाचे दोन प्रकार तो सांगतो, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी वाणीने आणि शरीराने व्यक्त होते. वाणीने म्हणजे प्रेक्षकांच्या स्मिताने, अर्ध्या हास्याने, मोठ्या हास्याने, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' अशा उद्गारांनी, आणि एकदम उसळणाऱ्या आवाजाने. शरीराने म्हणजे रोमांचाने, आसनावरून उठण्याने, वस्त्रे देण्याने. कोणत्या प्रसंगाला कोणता प्रतिसाद उचित, हेही तो सांगतो. हे 'साधु' आणि 'अहो' म्हणजे सहज अभिप्रायच होत. त्यांना युक्तिवाद नाही. भरत त्यांना हिणवत नाही. त्यांचे वर्गीकरण करतो, आणि तेही चढत्या श्रेणीने नव्हे तर प्रकाराने. करुण प्रसंगी निघालेला 'कष्टम्' हा हास्यप्रसंगी झालेल्या अतिहासापेक्षा कमी की जास्त, हा प्रश्नच तेथे संभवत नाही.

वस्त्रे देण्याचा उल्लेख वाचताना तमाशातल्या दौलतजादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तमाशापटांच्या काळात पडद्यावर नाणी उधळणारा प्रेक्षक त्याच परंपरेतला. पडद्यावरच्या नर्तकीला ते पैसे मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक असतेच. परंतु शरीरी सिद्धीला पोच लागत नाही. 2016 मध्ये 'सैराट'च्या गाण्यांना प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचू लागले तेव्हा त्या वर्तनाचे वर्णन करण्यासाठी वृत्तपत्रांना शब्द शोधावे लागले. शास्त्रात तो होता: अभ्युत्थान.

परीक्षकांना भरत प्राश्निक म्हणतो. ते दहा आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, संगीतज्ञ आणि राजसेवक. प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले आहे. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञवेत्त्याने बोलावे, धनुष्य धरण्याची ठेवण बरोबर होती का हे धनुर्धराने सांगावे, शृंगाराच्या व्यवहारात वेश्येचे मत प्रमाण. सिद्धी आणि घात, म्हणजे यश आणि चुका, लेखक व गणक ह्यांच्या साहाय्याने टिपून ठेवायच्या असतात. स्पर्धा असेल तर त्यावरून पताका कोणाला द्यावयाची ते ठरते. म्हणजे मोजणी येथेही आहे. मोजणीला आपला विरोध असेल तर भरताकडे आश्रय मिळणार नाही. परंतु काय मोजायचे, ते पाहावे. अमुक क्षणी घडलेली चूक, तमुक क्षणी निघालेला उद्गार. प्रसंगाला धरून मोजणी होते. धनुर्धराचे मत आणि वेश्येचे मत ह्यांची बेरीज करून दोहोंनी भागण्याची कल्पना भरताला हास्यास्पद वाटली असती, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत.

आणि दैवी सिद्धी? रंगमंडप पूर्ण भरलेला आहे, कोठे आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही, ती दैवी सिद्धी. सर्वश्रेष्ठ यशाचे लक्षण म्हणजे अभिप्रायाचा अभाव. 'हाऊसफुल्ल' हा शब्द आपण धंद्याचा मानतो. भरताच्या व्याख्येत मंडपाची संपूर्णता आहेच, फक्त तिच्या जोडीला शांतता आहे.

आपल्या चित्रपटव्यवसायाने ह्यातली पहिली अट उचलली आणि तिचे एकक ठरवले आठवडा. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. 'संत तुकाराम' (1936) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, 'किस्मत' (1943) कलकत्त्यात तीन वर्षांहून अधिक, 'सांगत्ये ऐका' (1959) पुण्यात दोन वर्षांहून अधिक, 'शोले' (1975) मुंबईत पाच वर्षे. दादा कोंडके ह्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. भारतीय प्रेक्षकाचा तारा हा असा पायांनी दिलेला होता. 'चालला', 'पडला', 'आपटला' ही आपली क्रियापदेही शरीराचीच आहेत. निर्माते पदरचे पैसे घालून उरलेले आठवडे भरून काढत, हे खरे. पण कोणतीही मोजणी सुरू झाली की तिची लबाडीही सुरू होते. गेल्या दोन दशकांत आठवड्याची जागा कोटीने घेतली आहे आणि मोजणी पायांकडून गल्ल्याकडे गेली आहे, एवढेच येथे नोंदवून पुढे जाऊ.

आठवड्यांवरून प्रेक्षक आले हे कळते. ते काय म्हणाले हे कळत नाही. हे विचारण्याचा एक मोठा सरकारी प्रयत्न 1927-28 मध्ये झाला. टी. रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीने देशभर फिरून साडेतीनशेच्या वर साक्षी घेतल्या आणि हजारो प्रश्नावल्या पाठवल्या. तिच्या कागदपत्रांइतके मूकपटांच्या प्रेक्षकाविषयीचे सविस्तर साधन दुसरे नसेल. पण ते वाचताना एक गोष्ट सतत खटकते. बोलणारे बहुतेक सुशिक्षित आहेत, आणि ते आपल्याला काय आवडते हे सांगण्याऐवजी अशिक्षितांना काय आवडते हे सांगत आहेत. स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक ह्या खंडांत पानोपानी आहे, पण तृतीयपुरुषी. गांधीजींनी तर आपण कधी सिनेमाला गेलोच नाही असे प्रांजळपणे कळवले, आणि त्याच पत्रात सिनेमाने केलेले वाईट बाहेरच्यालाही दिसते असेही कळवले. न पाहिलेल्या चित्रपटांना शून्य तारे देण्याचे हे उदाहरण मोठ्या माणसाचे असल्यामुळे जपून ठेवण्यासारखे आहे.

ह्याच्या तुलनेत प्रथमपुरुषी अभिप्राय किती मोलाचा असतो ते पाहायचे असेल तर दादासाहेब फाळके ह्यांनी 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांकडे जावे. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रपटाची हकीकत त्यांनी तेथे सांगितली आहे. चित्रपट चांगला होता की वाईट, छायाचित्रण कसे होते, ह्यासंबंधी फाळके फारसे बोलत नाहीत. ते पुन्हा तिकीट काढून तोच चित्रपट पाहतात. पुढे पत्नीलाही घेऊन जातात. आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असे सांगतात. हान्स रॉबर्ट याउस ह्याने 1967 मध्ये मांडलेल्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'चे ह्याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. ख्रिस्तपटाला त्या प्रेक्षकाने किती तारे दिले असते, हा प्रश्न येथे निरर्थक आहे. त्याने पडद्यावर नसलेला चित्रपट पाहिला, आणि 'राजा हरिश्चंद्र' (1913) हा त्या पाहण्यातून झाला.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोजणीला यंत्र मिळाले. 1990 मध्ये कोल नीडम ह्या इंग्रज चित्रपटवेड्याने हौशी मंडळींच्या याद्या शोधण्याजोग्या केल्या आणि त्यातून आयएमडीबी हा चित्रपटकोश वाढला; तेथे कोणीही एक ते दहा गुण देऊ शकतो आणि त्यांची भारित सरासरी छापली जाते. 1998 मध्ये सुरू झालेल्या रॉटन टोमॅटोज ह्या उपक्रमाने वेगळा मार्ग घेतला: समीक्षणे अनुकूल की प्रतिकूल एवढेच पाहायचे आणि अनुकूलांचे शेकडा प्रमाण द्यायचे. ह्या रीतीत शंभर समीक्षक जर एकमुखाने 'बरा आहे' म्हणाले आणि ते अनुकूल धरले गेले, तर चित्रपटाला शेकडा शंभर मिळतात. पन्नासांना तो आयुष्यातला सर्वश्रेष्ठ वाटला आणि पन्नासांना असह्य, तर शेकडा पन्नास. भांडण लावणारा चित्रपट ह्या हिशेबात मध्यम ठरतो. दहांच्या परिषदेतले भांडण रकान्यांत दिसत होते. सरासरीत ते पुरले जाते. मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत आज चित्रपट-परीक्षणाच्या मथळ्याखाली तारे असतात, आणि परीक्षणात सहाशे शब्द असले तरी वाचक प्रथम तारे पाहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर आपले विद्यार्थी प्रथम काय पाहतात?

येथे प्रतिवाद होऊ शकतो, आणि तो हलका नाही. सहज अभिप्राय प्रसंगाला बांधलेला असतो हे मान्य केले, तरी म्हणूनच तो चंचल असतो. ज्या रात्री पाऊस होता त्या रात्रीचा चित्रपट वाईट ठरतो. हजारो मते एकत्र केली की पाऊस, डोकेदुखी, शेजारचे रडणारे मूल ह्या आगंतुक गोष्टी एकमेकींना खोडतात आणि चित्रपटाचा स्वतःचा गुण उरतो. सरासरीचा हा युक्तिवाद कांटच्या निःस्वार्थ, सार्वत्रिक अभिरुचिनिर्णयाला संख्येच्या वाटेने गाठू पाहतो, आणि त्याचे आकर्षण मला कळते. माझा आक्षेप एवढाच की पाऊस खोडला गेल्यावर जो उरतो तो कोणीही न पाहिलेला चित्रपट असतो. पाटणकर सौंदर्यानुभवाच्या लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांविषयी बोलत. सरासरी ह्यांपैकी कोणत्याच ध्रुवावर नसते. अलौकिकासाठी लागणारी एका मनाची तल्लीनता तिच्यापाशी नाही, आणि लौकिक तर तिने गाळूनच टाकलेले असते.

इतिहासाच्या दृष्टीने ह्याला व्यावहारिक बाजूही आहे. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजके आज शिल्लक आहेत; 'राजा हरिश्चंद्र'चीही सगळी रिळे उरलेली नाहीत. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फितींचा मोठा साठा जळाला. ज्या चित्रपटाची फीत नाही त्याच्याविषयी आपल्यापाशी जाहिरात, पुस्तिका, क्वचित एखादे परीक्षण, आणि सापडलेच तर कोणा प्रेक्षकाचे वाक्य एवढेच असते. ह्यांपैकी शेवटचे कोणी शोधत नाही. आत्मचरित्रे चाळली जातात. खासगी पत्रे, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द हे आपल्या संशोधनपद्धतीत साधन म्हणून बसत नाहीत, कारण त्यात 'मूल्यमापन' नसते. रद्दी घेणाऱ्याला असे प्रश्न पडत नाहीत.

वह्यांचे साधन म्हणून वाचन करताना अडचणीही येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. 1954 च्या वहीत 'श्यामची आई'ची नोंद आहे. तिकिटे चार, रुपये 2-8-0, टांगा निराळा. साऱ्या वह्यांत ही एकच नोंद अशी आहे की जिच्यापुढे काहीही लिहिलेले नाही. रेघ आहे, जागा आहे, शब्द नाही. दैवी सिद्धीची व्याख्या नुकतीच वाचलेली असल्यामुळे मला ती कोरी जागा फार अर्थपूर्ण वाटली, आणि आजी हयात होती तेव्हा मी तिला मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "अगं, ते घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत." मी हे टिपून घेत होते. तिने थोडा विचार केला आणि पुढे म्हणाली, "पण येताना टांगेवाल्याशी भांडण झालं होतं. त्याचाही राग असेल."